न्यूरोसायन्स करायचंय? सोलापुरातून कॉलेज कसं निवडायचं, पायरी पायरीने

मेंदूवर काम करायचंय म्हणणारी पोरं आता सोलापुरातपण बरीच भेटायला लागलीत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, न्यूरोसायन्सचं चांगलं कॉलेज कुठलं? अडचण अशी की भारतात बारावीनंतर लगेच, डिग्रीवर न्यूरोसायन्स असं छापून येईल असं चांगलं सरकारी कॉलेज शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही. मग काहीजण निराश होऊन विषयच सोडून देतात आणि काहीजण कुठल्यातरी चकचकीत जाहिरातीला बघून लाखो रुपये भरून मोकळे होतात. दोन्हीची गरज नाही. डिग्रीवर नाव काय येणार ते बघू नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठल्या लॅबमध्ये तुम्हाला हातात काम मिळणार ते बघा. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवरच उभं आहे.

पटत नसेल तर ज्यांनी या विषयात नाव काढलंय ते बारावीनंतर काय शिकले ते बघा. मुंबईच्या टीआयएफआर या रिसर्च संस्थेत, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन आणि डिप्रेशन यांवर काम करणाऱ्या विदिता वैद्य यांनी बीएस्सी मुंबईच्या सेंट झेवियर्सला केलं, लाइफ सायन्स आणि बायोकेमिस्ट्री घेऊन, आणि पीएचडी येल युनिव्हर्सिटीत. व्ही. एस. रामचंद्रन चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजचे एमबीबीएस, मग केंब्रिजला पीएचडी. २०१४ चं नोबेल मिळालेले माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर हे दोघं ओस्लोला सायकॉलॉजी शिकले होते. म्हणजे या विषयाला आत शिरायचे दरवाजे चार-पाच आहेत, आपल्याला कुठला जमतोय एवढंच ठरवायचं.

पायरी १: पेशंट बघायचेत की प्रयोग करायचेत?

हे आधी ठरवा, कारण इथून रस्ते फुटतात. न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन व्हायचं असेल, फिट येणारा पेशंट तपासायचा असेल, लकवा झालेल्याला औषध द्यायचं असेल, तर नीट, मग एमबीबीएस साडेपाच वर्षं इंटर्नशिप धरून, मग एमडी ३ वर्षं, मग डीएम न्यूरोलॉजी अजून ३ वर्षं. सर्जनचा रस्ता एमएस आणि एमसीएचचा. तो रस्ता चांगलाच आहे, आपल्या गावात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथून शिकून किती डॉक्टर बाहेर पडलेत ते सगळ्यांना माहितीये.

पण "आठवण डोक्यात साठते म्हणजे नेमकं काय होतं", "झोप का लागते", "वास ओळखतो कसा आपण" असल्या प्रश्नांनी तुम्हाला झोप येत नसेल तर तो रस्ता न्यूरोसायन्सचा, म्हणजे सायन्सच्या डिग्रीचा आणि पुढे पीएचडीचा. एमबीबीएस करून नंतर रिसर्चला येता येतं, उलटं मात्र होत नाही, बीएस्सी करून नंतर थेट न्यूरोलॉजिस्ट होता येत नाही. हे घरच्यांनापण सांगून ठेवा, कारण "मेंदूचं शिकतोय" म्हटलं की नातेवाईक लगेच "मग डॉक्टर होणार का" विचारतात आणि पाच वर्षांनी तोच प्रश्न परत येतो.

नीटला मार्क कमी पडले म्हणून न्यूरोसायन्स, असं शक्यतो करू नका. ज्याला खरंच पेशंट बघायचेत तो लॅबमध्ये प्रयोगाच्या माश्या मोजत बसला की दोन वर्षांत कंटाळतो.

पायरी २: अकरावीला गणित सोडू नका

कॉलेजची खरी निवड बारावीनंतर नाही, दहावीच्या निकालानंतरच होते, आणि इथेच सोलापूर, धाराशिव, लातूर पट्ट्यातली सगळ्यात जास्त पोरं अडकतात. आपल्याकडे सायन्स म्हणजे दोनच डबे, पीसीएम म्हणजे इंजिनिअरिंग, पीसीबी म्हणजे नीट. बायोलॉजी आवडतं म्हटलं की क्लासवाले पहिल्याच दिवशी गणित सोडायला सांगतात, लातूर पॅटर्नला गेलेल्यांचं तर बहुतेक ठरलेलंच असतं. नीटपुरतं ते बरोबर आहे, गणिताचा वेळ बायोलॉजीला मिळतो. पण न्यूरोसायन्ससाठी तेच तोट्याचं ठरतं.

कारण असं बघा. नसांमधून जो सिग्नल जातो तो वीजच आहे, सोडियम आणि पोटॅशियमचे आयन पेशीच्या आत-बाहेर झाले की व्होल्टेज बदलतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड नसेवर प्रयोग करून हे सगळं डिफरन्शियल इक्वेशनमध्ये मांडलं, त्यासाठी १९६३ चं नोबेल मिळालं, आणि आजही न्यूरोसायन्सच्या वर्गात त्या इक्वेशनपासूनच सुरुवात होते. त्यानंतर एकेका प्रयोगातून शेकडो न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूतल्या पेशींचा, डेटा निघतो, त्याचं स्टॅटिस्टिक्स, त्याचं प्रोग्रामिंग. गणित बारावीलाच सुटलेलं असेल तर इथे पोरं रडकुंडीला येतात, हुशार पोरंसुद्धा.

आणि प्रवेशाचंपण बघा. बंगळुरूच्या आयआयएस्सीला जी ४ वर्षांची बीएस रिसर्च डिग्री आहे तिला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतंच, नुसतं पीसीबी असेल तर तो दरवाजा बंद. आयसर म्हणजे सायन्स शिकवणाऱ्या आणि रिसर्च करणाऱ्या केंद्राच्या संस्था, तिथे पीसीबीवाल्यांना अर्ज करता येतो पण प्रवेश परीक्षेत गणिताचे प्रश्न असतातच, आणि आत गेल्यावर पहिल्या वर्षीपण गणित सुटत नाही.

म्हणून चारही विषय घ्या, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. आपल्या बोर्डात असं घेता येतं, ज्युनिअर कॉलेजला प्रवेश घेतानाच विचारा की चारही विषयांचं टाइमटेबल एकत्र बसतंय का, काही ठिकाणी बायोलॉजीचं प्रॅक्टिकल आणि गणिताचा तास एकाच वेळी लावलेला असतो आणि मग ऑगस्टमध्ये कळतं. अभ्यास जड जातो हे खरं आहे. तरीपण दोन वर्षं सोसा.

आता बारावीला आहात आणि गणित आधीच सोडलंय असं असेल तर संपलं का? नाही. आयसरच्या प्रवेश परीक्षेसाठी गणिताचे सोपे धडे तरी वेगळे बसून करा, वेक्टर, मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी, साधं कॅल्क्युलस, आणि पुढे बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स मिळत असेल तर ते घ्या.

पायरी ३: कुठल्या परीक्षेने कुठे जाता येतं

पहिली आयएटी, म्हणजे आयसरची परीक्षा. देशात ७ आयसर आहेत, पुणे आणि कोलकाता २००६ ला सुरू झाले, मग मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बर्‍हामपूर. ५ वर्षांची बीएस-एमएस, सगळे आयसर मिळून २००० च्या वर जागा. पेपर ३ तासांचा, ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५, बरोबरला ४ मार्क आणि चुकलं की १ वजा. आता प्रवेश फक्त या परीक्षेवरच होतो, जेईई अ‍ॅडव्हान्सचा जुना रस्ता बंद झालाय, त्यामुळे यूट्यूबवर जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका. फॉर्म साधारण मार्चच्या आसपास येतात आणि तेव्हा नेमकी बोर्डाची परीक्षा चालू असते, म्हणून घरातल्या कुणालातरी लक्ष ठेवायला सांगा.

आयसरचं मला सगळ्यात आवडणारं म्हणजे आत जाताना विषय ठरवावा लागत नाही. सुरुवातीला सगळे विषय थोडे थोडे करायचे, मग बायोलॉजीकडे वळायचं की फिजिक्सकडे ते ठरवायचं, आणि पाचवं वर्ष जवळजवळ पूर्ण प्रोजेक्टला. सतराव्या वर्षी कुणाला माहिती असतंय ओ की आपल्याला उंदराच्या मेंदूवर काम करायला आवडेल की कॉम्प्युटरवर मॉडेल करायला.

याच आयएटीच्या मार्कांवर आयआयएस्सी बंगळुरूच्या बीएस रिसर्चलापण अर्ज करता येतो, तिथे न्यूरोसायन्सचं वेगळं सेंटरच आहे. आयआयटी मद्रासने २०२३ ला मेडिकल सायन्सेस अँड इंजिनिअरिंग अशी बीएस सुरू केली, तिचाही प्रवेश आयएटीवरूनच. आणि त्याच आयआयटीत माणसाच्या मेंदूचे पातळ काप करून, पेशी पेशी दिसतील असे फोटो काढून नकाशा बनवायचं मोठं काम चाललंय, गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा त्यांचा अ‍ॅटलास २०२४ ला आला, तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. एकदा बघाच.

दुसरी नेस्ट. याने भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं सीईबीएस, दोन्ही अणुऊर्जा खात्याशी जोडलेल्या संस्था, ५ वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी. नेस्टमध्ये चारपैकी ज्या तीन विषयांत जास्त मार्क पडले ते धरतात, त्यामुळे गणित कच्चं असलेल्यांना ही परीक्षा जरा बरी पडते. तरी त्या त्या वर्षीचं ब्रोशर स्वतः वाचा, नियम बदलत राहतात, क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका.

जेईई आणि नीट जे देणार असाल ते द्याच, आयएटी आणि नेस्टची तयारी त्यातच बरीचशी होते, वेगळा क्लास लावायची गरज मला वाटत नाही. जुने पेपर सोडवा, त्यात कळतं की पाठांतरापेक्षा विचार करायला लावणारे प्रश्न जास्त आहेत.

पायरी ४: कॉलेजची वेबसाइट कशी वाचायची

या पायरीला एक पूर्ण रविवार द्या. कॉलेजच्या पहिल्या पानावर जे हसरे फोटो आणि रँकिंगचे आकडे असतात ते सोडून द्या. सरळ डिपार्टमेंट ऑफ बायोलॉजीच्या पानावर जा, तिथे फॅकल्टीची यादी उघडा, आणि एकेक नाव उघडून कुणाचं काम कशावर आहे ते वहीत लिहा. न्यूरॉन, सिनॅप्स म्हणजे दोन न्यूरॉनमधला जोड, मेमरी, ओल्फॅक्शन म्हणजे वासाचं ज्ञान, सर्केडियन म्हणजे शरीराचं घड्याळ, बिहेवियर, कॉग्निशन म्हणजे विचार-समज, कॉम्प्युटेशनल म्हणजे कॉम्प्युटरवर मॉडेल करणं, असले शब्द दिसले की खूण करा. एखाद्या संस्थेत असे चार-पाच जण सापडले तर तिथे न्यूरोसायन्स आहे, मग डिग्रीवर बायोलॉजी लिहिलेलं असो. एकच जण असेल तर जपून, तो माणूस नोकरी बदलून गेला की तुमचं काय?

उदाहरण म्हणून आयसर पुण्याची यादी उघडा. झेब्रा फिंच नावाचा छोटा पक्षी गाणं कसं शिकतो आणि गातो यावर काम करणारी लॅब आहे, उंदीर वास कसा ओळखतात यावर आहे, सिनॅप्सचं कॉम्प्युटर मॉडेल बनवणारे आहेत. तीन पूर्णपणे वेगळ्या प्रकारची माणसं एकाच बिल्डिंगमध्ये. नवख्याला हेच पाहिजे, कारण एक आवडलं नाही तर शेजारच्या दारात जाता येतं.

मग त्या लॅबच्या स्वतःच्या पानावर जा आणि तिथे माणसांची यादी बघा. पीएचडीवाले असणारच, पण बीएस-एमएसची किंवा बीएसची पोरं आहेत का? जुन्या पोरांची यादी असेल तर ती आता कुठे आहेत? ज्या लॅबमध्ये दरवर्षी दोन-तीन पोरं प्रोजेक्ट करतात तिथे तुम्हालापण घेतील. ज्या मोठ्या नावाच्या लॅबमध्ये डिग्रीचं एकही पोरगं नाही ती तुमच्या उपयोगाची नाही, कितीही बक्षिसं मिळालेली असू देत. त्यांच्या रिसर्च पेपरवर एखाद्या विद्यार्थ्याचं नाव दिसलं तर ती जागा सोन्याची समजा.

पुढचा प्रश्न, हातात काय मिळणार? चांगला मायक्रोस्कोप, न्यूरॉनची वीज मोजायची मशिनरी, डोक्याला तारा लावून मेंदूची वीज मोजायचं ईईजी, प्राणी ठेवायची सोय. आपल्या देशात उंदरांवर वगैरे प्रयोग करायचे तर सीसीएसईए या सरकारी समितीकडे नोंदणी लागते, ज्या कॉलेजकडे ती नाही तिथे उंदरावरचं काम होऊच शकत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. फळमाशी म्हणजे ड्रोसोफिला, तिला हा त्रास नाही, खर्चपण कमी, आणि मेंदूबद्दल शिकायला ती जबरदस्त आहे, त्यामुळे छोट्या कॉलेजात एखादे सर किंवा मॅडम माश्यांवर काम करत असतील तर नाक मुरडू नका.

न्यूरोसायन्स असं नाव देऊन मोठी फी घेणारे जे खाजगी कोर्स आहेत त्यांनाही हीच चाळणी लावा. फोन करून चार प्रश्न विचारा, न्यूरोसायन्स शिकवणाऱ्या पूर्णवेळ प्राध्यापकांची नावं काय, त्यांची लॅब कुठल्या मजल्यावर आहे, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट तिथेच होतो की बाहेर कुठेतरी शोधायला सांगता, आणि पहिली बॅच पास होऊन कुठे गेली. उत्तर देताना समोरचा "सर तुम्ही आधी सीट बुक करून घ्या" म्हणायला लागला तर फोन ठेवा. काही खाजगी ठिकाणं खरंच चांगली आहेत, पण ती या चार प्रश्नांना घाबरत नाहीत.

आणि जमलं तर एकदा जाऊन या. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की पुणं, तिथून पाषाणला आयसर. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्या सुमाराला बऱ्याच संस्था लोकांना आत सोडतात, आयआयएस्सीचा ओपन डेपण साधारण त्याच काळात असतो. तिथे सरांना भेटायच्या नादात राहू नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या पोराला किंवा पोरीला कँटीनमध्ये गाठा आणि विचारा की लॅबमध्ये जागा कशी मिळते, सर वेळ देतात का, मार्क कमी पडल्यावर काय होतं, मराठी मीडियममधून आलेल्यांना पहिलं सेमिस्टर कसं गेलं. ही माहिती कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते.

आयसर मिळालं नाही, सोलापुरातच बीएस्सी करायचंय

तरी काही बिघडत नाही, आणि हे मी समजूत काढायला सांगत नाही. मी स्वतः सोलापुरातच बीएस्सी केलंय, नंतर न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये काम केलंय, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर अशाच छोट्या शहरांतून आलेली माणसं होती. आपल्याकडे दयानंद, संगमेश्वर, वालचंद अशी जुनी कॉलेजं आहेत, २००४ पासून आपली स्वतःची युनिव्हर्सिटी आहे. घरचं जेवण, खर्च कमी. विषय निवडताना झूलॉजी, बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी यातलं जे चांगलं शिकवतात ते घ्या, सोबत केमिस्ट्री किंवा स्टॅटिस्टिक्स ठेवा. त्या त्या कॉलेजात जाऊन आत्ता काय चालू आहे ते विचारा, नव्या शैक्षणिक धोरणानंतर जोड्या बदलल्यात.

पण इथे राहिलात तर एक अट आहे, दर उन्हाळ्यात बाहेर पडायचं. तीन विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, साधारण २ महिने देशातल्या चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं, स्टायपेंडसकट. अर्ज नोव्हेंबरच्या आसपास संपतात आणि पोरं मार्चमध्ये चौकशी करतात, म्हणून दिवाळीतच फॉर्म भरून टाका. सोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षापासून एखाद्या सरांशी किंवा मॅडमशी नीट ओळख ठेवा, प्रॅक्टिकलनंतर थांबून प्रश्न विचारा.

मधल्या वेळात पायथन शिका. न्यूरोमॅच अकादमी म्हणून एक ऑनलाइन समर स्कूल २०२० पासून चालतं, कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचं, त्यांचं सगळं मटेरियल फुकट उघडं आहे. एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरपण मेंदूवरचे कोर्स येतात. लॅपटॉप आणि नेट असेल तर जुळे सोलापुरात बसून तुम्ही तोच डेटा बघू शकता जो परदेशातला विद्यार्थी बघतोय.

तिसऱ्या वर्षी आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर द्या. त्याच्यावर आयआयटीत एमएस्सी आणि आयआयएस्सीच्या बायोलॉजिकल सायन्सेसमधल्या इंटिग्रेटेड पीएचडीचा रस्ता उघडतो. आणि न्यूरोसायन्स हे नाव डिग्रीवर पाहिजेच असेल तर ते इथे मिळतं, हरियाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे, फक्त मेंदूवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था. हैदराबाद युनिव्हर्सिटीत न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सची एमएस्सी आहे. पीएचडीसाठी बंगळुरूचं निमहान्स, एनसीबीएस, मुंबईचं टीआयएफआर.

हैदराबाद आणि बंगळुरू आपल्याला पुण्याइतकेच सरळ आहेत हे विसरू नका. हुसेनसागर, उद्यान, दोन्ही गाड्या सोलापूरवरूनच जातात, आणि पूर्व भागातल्या ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात किंवा ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांना तर तिथे परकंसुद्धा वाटणार नाही. तिरुपती आयसर मिळालं तरी चेन्नईच्या गाडीने रेणिगुंट्याला उतरलं की जवळच आहे.

सायकॉलॉजीवाल्यांसाठी थोडं

आर्ट्सला असाल, सायकॉलॉजी घेतलं असेल, तर कॉग्निटिव्ह सायन्सकडून आत या. आयआयटी गांधीनगरच्या कॉग्निटिव्ह सायन्सच्या एमएस्सीला कुठल्याही शाखेचे विद्यार्थी चालतात, अलाहाबाद युनिव्हर्सिटीतपण त्याचं जुनं सेंटर आहे. बीएमध्ये स्टॅटिस्टिक्स आणि प्रयोगांचा भाग जिथे खरंच करून घेतात ते कॉलेज निवडा, जिथे प्रॅक्टिकलची वही फक्त उतरवून घेतात ते नको. पेशंटचं समुपदेशन, थेरपी हवी असेल तर तो क्लिनिकल सायकॉलॉजीचा वेगळा रस्ता, तिथे आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेला कोर्सच बघायचा.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेत मात्र न्यूरोसायन्स मेजर पदवीलाच मिळतं. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने १९७३ ला सुरू केलं तेव्हापासून ते पसरत गेलं, आता जॉन्स हॉपकिन्स, ब्राऊन, यूसीएलए अशा कितीतरी ठिकाणी आहे, एमआयटीत त्याला ब्रेन अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस म्हणतात. तिथेही चाळणी तीच, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लॅबमध्ये घेतात का. मोठ्या युनिव्हर्सिटीत लॅब भरपूर पण गर्दीपण भरपूर, छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात लॅब कमी पण तिथे पीएचडीवालेच नसतात, त्यामुळे प्रयोग करायला प्राध्यापकांना तुम्हीच लागता.

खर्च प्रचंड आहे. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना घरची ऐपत बघत नाहीत आणि प्रवेश दिला की लागेल तेवढी मदत देतात, प्रवेश मिळणं मात्र फार अवघड. अर्ज बारावीत असतानाच, नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात, बोर्डाचा निकाल लागायची वाट बघितली तर वर्ष गेलं. आणि तिथे न्यूरोसायन्स करून मग तिथलंच मेडिकल, असा प्लॅन कुणी सांगत असेल तर नीट चौकशी करा, परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल स्कूल तिथे फार थोडी आहेत. माझं मत विचाराल तर डिग्री इथे करून पीएचडीला बाहेर जाणं जास्त शहाणपणाचं, कारण पीएचडीला फी भरावी लागत नाही, उलट पगार मिळतो.

पैसे आणि कागदपत्रं

इन्स्पायर शिष्यवृत्तीत नॅचरल सायन्स शिकणाऱ्याला वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात, बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्यांना किंवा जेईई, नीटला पहिल्या १०,००० मध्ये असलेल्यांना. सोलापुरातल्या कॉलेजात बीएस्सी करत असाल तरीही चालतं, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. पीएचडीला जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये आणि वर एचआरए. घरी वडील विचारतील "कमावणार कधी", तर खरं सांगा, बारावीनंतर पीएचडी होईपर्यंत १० वर्षं सहज जातात, पण त्यातली शेवटची पाच वर्षं घरून पैसे मागावे लागत नाहीत. आणि पीएचडी नको वाटली तर मध्येच डेटा सायन्स, क्लिनिकल रिसर्च, औषध कंपन्या इकडे वळता येतं, पायथन आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं असेल तर.

जातीच्या दाखल्याचं आत्ताच बघून ठेवा. आयसर, नायसर, आयआयएस्सी या केंद्राच्या संस्था आहेत, तिथे एससी, एसटी, ओबीसी-नॉन क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस एवढेच गट असतात. व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी हे आपल्या राज्याचे गट तिथे नाहीत. त्यामुळे आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासा, आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला दाखला काढा. सेतूत सांगताना "सेंट्रलचा पाहिजे" असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचाच हातात देतात. १ एप्रिलनंतर लगेच अर्ज करा, जूनमध्ये तहसीलला सगळं गाव उभं असतं.

शेवटी पसंतीक्रम भरताना

आयसरचा पसंतीक्रम भरताना बहुतेक जण पुणे एक नंबरला टाकतात कारण जवळ आहे, आणि बाकीचे सहा कसेही भरतात. पुणे एक नंबरला ठेवा हवं तर, ते चांगलंच आहे, पण दोन ते सात हे तुमच्या वहीतल्या खुणा बघून भरा, कारण बऱ्याच जणांना प्रत्यक्षात तिथलंच मिळतं. पहिल्या फेरीत हवं ते नाही मिळालं म्हणून जागा सोडून देऊ नका, पुढच्या फेऱ्यांत वर सरकता येतं, फक्त मुदतीच्या आत पैसे भरून जागा धरून ठेवावी लागते. ती रक्कम आधीच बाजूला काढा आणि ज्या कार्डाने भरणार त्याची ऑनलाइनची मर्यादा बँकेत जाऊन वाढवून घ्या. आणि सोलापुरात एखाद्या बीएस्सी कॉलेजलापण प्रवेश घेऊन ठेवा, मूळ कागदपत्रं परत मिळण्याची अट लेखी विचारून, म्हणजे जुलैच्या शेवटी कुठलीच फेरी लागली नाही तरी वर्ष वाया जात नाही.